मास्तरांना सुई दिसते

मंगळवारी सकाळी साडेनऊला टेलरमास्तरांनी चष्मा न लावता सुईत दोरा ओवला, आणि तोही पहिल्याच झटक्यात.

त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. दोरा काढून त्यांनी पुन्हा ओवला. मग तलम कापडाची बारीक सुई घेतली, तीही ओवली गेली. गेली अकरा वर्षं जवळच्या चष्म्याशिवाय सुईचं नेढं त्यांना फक्त अंदाजाने ठाऊक होतं. आज ते स्वच्छ दिसत होतं.

"अगं, इकडे ये! लवकर! दिसतंय मला!"

दुकानामागच्या पडद्याआड स्वयंपाकघर होतं. तिथून काकू झाडू उगारूनच धावत आल्या. मास्तरांच्या बायकोला अख्खी गल्ली काकू म्हणायची.

"कुठंय? झुरळ की उंदीर?"

"नेढं दिसतंय, नेढं! सुईचं!"

"मग? सुईला असतंच ते."

"अगं, पण माझ्या डोळ्यांवर चष्मा आहे का, ते तरी बघ!"

काकूंनी बघितलं. नव्हता. त्यांनी झाडू खाली ठेवला आणि त्या चक्क स्टुलावर बसल्या, कारण या गोष्टीचं मोल त्यांनाही कळत होतं.

झालं होतं असं, की तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांनी शाळेच्या हेडसरांच्या कोटाला काजं उलट्या बाजूला करून ठेवली होती. हेडसर बिचारे सरळमार्गी. आठवडाभर ते बायकांच्या कोटासारखी बटणं लावत शाळेत गेले आणि चूक आपल्याच बोटांची आहे असं समजत राहिले. ही बातमी दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीच्या कानावर गेली. तिने फोन केला, "बाबा, आता पुरे. डोळे साथ देत नाहीत तर दुकान बंद करा आणि दोघंही माझ्याकडे राहायला या. महिनाअखेरपर्यंत." ती प्रेमाने बोलत होती, म्हणूनच मास्तरांना तिच्यावर चिडताही येईना. चौतीस वर्षं ज्या मशीनवर पाय हलवला ते सोडून लेकीच्या गॅलरीत येणारी-जाणारी माणसं मोजत बसायचं, हे त्यांना मुळीच नको होतं. पण उलट्या काजांपुढे बोलणार काय? त्यांनी "बरं" म्हणून टाकलं होतं.

आणि आता हे! आंधळा मागतो एक डोळा नि देव देतो दोन, तसं झालं. मास्तरांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावून दुकान चालू राहणार असल्याचं जाहीर केलं.

खरं तर नुसते डोळेच नव्हे, सगळे मास्तरच तरुण होत चालले होते. वीस वर्षं पोटावर मुक्काम ठोकून असलेली चरबी आपण होऊन निघाली होती. स्वतःची पँट त्यांनी कमरेत दोनदा आत घेतली होती. भूक तर अशी, की जेवून उठल्यावर तासाभरात ते डबे उघडून बघायचे. आणि तहान! मशीनशेजारची पाण्याची बाटली जाऊन तिथे कॅन आला होता. दर अर्ध्या तासाला मास्तर मागच्या दाराने गायब व्हायचे. काकूंनी हटकलं तर म्हणायचे, "एवढं पाणी पितो, ते जाणार कुठे? मी काय टाकी आहे?"

यातून मास्तरांनी सिद्धांत काढला. पाण्यामुळे शरीर आतून धुऊन निघतं, त्यात डोळेही धुतले जातात. गिऱ्हाईक मापाला आलं की आधी सिद्धांत, मग माप. कुणी शंका काढली तर मास्तर कॉलरच्या मागे टोचलेली सुई काढून बिनचष्म्याने ओवून दाखवत. हातच्या कांकणाला आरसा कशाला? लोक थक्क होत. पोस्टमन तर भक्तच झाला. तो दिवसाला सहा बाटल्या पाणी पिऊ लागला आणि त्याने चष्मा खिशात टाकला. पुढचे चार दिवस समोरच्या चष्मेवाल्यांची पत्रं न्हाव्याकडे जात होती आणि न्हाव्याची चष्मेवाल्यांकडे. चष्मेवाल्यांनी एकतीस वर्षांत कुणाला चुकीचा नंबर दिला नव्हता. गल्लीत चाललेला हा प्रकार ते दात-ओठ खात बघत होते.

काकू मात्र वेगळंच बघत होत्या. मास्तरांनी कोपऱ्यावरच्या कापडदुकानातल्या पुतळ्याला हात केला आणि "हल्ली माज चढलाय त्याला," असं घरी येऊन सांगितलं. उलट समोरून आलेल्या हाडामांसाच्या हेडसरांना ओळखही दिली नाही.

"अहो, लांबचं दिसत नाही तुम्हाला."

"टेलरला लांबचं काय करायचंय? माप द्यायला गिऱ्हाईक जवळच येतं."

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी लेक न कळवता आली. हा चमत्कार तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. रस्त्यापलीकडे उतरून तिने दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या वडलांना हात केला. मास्तरांनी डोळे बारीक केले आणि मदत म्हणून ओरडून सांगितलं, "बस आत्ताच गेली हो बाई! पुढची पाऊण तासाने!"

लेकीचा हात तसाच वर राहिला. ती रस्ता ओलांडून आली आणि तिने कापडाच्या टेबलावर बॅग ठेवली.

"बाबा."

"अरेच्चा! तू होय!"

"मला ओळखलं नाहीत तुम्ही?"

"ऊन होतं गं डोळ्यांवर," मास्तर म्हणाले. आकाश सकाळपासून ढगाळ होतं. पडद्याआडून आलेल्या काकूंसह तिघांनाही ते माहीत होतं. दहा मिनिटांत मायलेकी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून चष्मेवाल्यांकडे घेऊन गेल्या.

चष्मेवाल्यांनी सगळा राग गिळून नीट तपासलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग ते सावकाश म्हणाले, "जवळचा नंबर गेलाय हे खरं. पण लांबचा नवा नंबर आलाय. छप्पन्नाव्या वर्षी महिन्याभरात असं होत नाही मास्तर. तहान लागते का फार?"

"कॅन लागतो," काकू म्हणाल्या.

"बारीक झालेत?"

"पँट दोनदा आत घेतली. तिसऱ्यांदा पट्ट्यावर भागवलं."

"मग मी काच विकत नाही. आधी रक्त तपासून या."

"डोळ्यांचा आणि रक्ताचा काय संबंध?" मास्तर फणकारले.

"तो डॉक्टर सांगतील. मी चष्मे विकतो, पण आज विकत नाही म्हणतोय, यातच काय ते समजा."

रक्त दोनदा दिलं. एकदा उपाशीपोटी, एकदा जेवणानंतर दोन तासांनी. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. उपाशीपोटी दोनशे नव्वद, जेवल्यावर चारशेच्या वर, आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडाही तसाच चढा.

"मधुमेह आहे. आणि हा कालपरवाचा नाही, चार-पाच वर्षं गुपचूप वाढत असणार."

"पण मी चहात साखर एकच चमचा घेतो!"

"नुसतं साखरेवर नसतं ते. बैठं काम, पोटावरची चरबी, घराण्यात कुणाला होता?"

"वडलांना," मास्तर हळूच म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, खाल्लेल्याची साखर रक्तात येते. तिला पेशींच्या आत नेण्याचं काम इन्सुलिन करतं. तुमच्या पेशी त्याला दाद देईनाशा झाल्यात, आणि आता इन्सुलिनही कमी पडतंय. म्हणजे रक्त साखरेने भरलेलं आणि पेशी उपाशी."

"म्हणून भूक?"

"म्हणून भूक. आणि उपाशी शरीर स्वतःचीच चरबी नि स्नायू वापरतं, म्हणून पँट सैल. जास्तीची साखर लघवीवाटे जाताना पाणी ओढून नेते. तुम्ही पाणी पिता म्हणून जाता असं नाही. जाता म्हणून पाणी प्यावं लागतं."

मास्तरांचा सिद्धांत असा उलटा झाला. पण शेवटची आशा होतीच. डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाचं एक बटण लोंबत होतं. मास्तरांनी कॉलरमागून सुई काढली, बिनचष्म्याने ओवली आणि त्यांना उठूही न देता बटण पक्कं करून दोरा तोडला. "आता बोला. हे डोळे आजारी माणसाचे?"

"हो," त्या बटणाकडे बघून हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "साखरेमुळे डोळ्यातलं भिंग फुगलंय, त्याने नंबर सरकलाय. साखर उतरली की काही आठवड्यांत डोळे मूळ जागी येतील. चष्मा परत लागेल."

"आणि गोळ्या नाही घेतल्या तर?"

"तर आणखी थोडे दिवस सुई ओवाल. पुढे डोळ्याचा पडदा खराब होईल, मूत्रपिंडं, पायाच्या नसा... मग सुई दिसणार नाही, दोरा दिसणार नाही, आणि या काकूही दिसणार नाहीत."

लेक परत जाताना एवढंच म्हणाली, "डोळे पूर्ववत होईपर्यंत वाट बघते. मग चष्मा आला की दुकानाचं ठरल्याप्रमाणे." तिचा हेतू चांगलाच होता. पण मास्तरांच्या डोक्यात हिशेब पक्का बसला: गोळी घेतली की चष्मा, चष्मा आला की दुकान बंद.

अडीच आठवडे झाले. काकू रोज स्वतः गोळी देत, पाणी देत, गिळेपर्यंत समोर उभ्या राहत. तरी मास्तर बिनचष्म्याने सुई ओवत होते आणि कॅन दिवसाला एकदा रिकामा होत होता. काकू बुचकळ्यात पडल्या.

तेवढ्यात हेडसर आले. काजं दुरुस्त केलेला कोट ते तीन दिवसांपूर्वीच घेऊन गेले होते. मास्तर तेव्हा मागच्या दारी होते, म्हणून काकूंनीच तो खुंटीवरून काढून दिला होता.

"काकू, काजं उत्तम झालीत," हेडसर संकोचून म्हणाले, "पण खांदा वाजतो."

"खांदा? मग डॉक्टरांना दाखवा."

"माझा नव्हे, कोटाचा. फळ्यावर लिहायला हात वर केला की खुळखुळतं. मुलं हसतात. मी तीन दिवस डाव्या हाताने लिहितोय."

मास्तर मशीनवरून ताडकन उठले. "द्या इकडे, मी बघतो!" चोराच्या मनात चांदणं. काकूंनी तो कोट आधीच ओढून घेतला होता. त्यांनी खांद्याची शिवण उसवली, पॅड उलटं केलं, आणि टेबलावर चौदा पांढऱ्या गोळ्या टपाटप पडल्या. जिभेखाली धरलेली गोळी मास्तर रोज पॅडमध्ये सारून दोन टाके घालत होते. कोट द्यायच्या आधी सगळ्या काढून टाकायचा बेत होता, पण हेडसर वेळेवर कोट न्यायला येतील हे त्यांच्या चौतीस वर्षांच्या धंद्यात कधी घडलंच नव्हतं.

हेडसरांनी गोळ्यांकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि कोट न घेताच ते निघून गेले.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी चौदा गोळ्या एकेक करून वाटीत भरल्या आणि त्या स्टुलावर बसल्या. "का हो?"

"दुकान जाईल गं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "माप घेतो, कापतो, शिवतो, म्हणून मी मास्तर. तिकडे गॅलरीत मी कोण?"

"आणि तुम्ही आंधळे झालात तर इथे तरी कोण? आणि मी कुणाशी भांडू?" काकूंनी वाटी टेबलावर ठेवली. "एक शब्द विचारलं असतंत तर सांगितलं असतं. सुया मी ओवून देईन. रोज वीस लागतात ना? वीस देईन. पण माझ्यासमोर गिळल्याचं नाटक केलंत, ते मला लागलंय."

मास्तरांनी वाटीशेजारी ठेवलेला काकूंचा हात धरला. मग त्यांनी आपणहून त्या दिवसाची गोळी मागितली, गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. काकूंनी जीभ उचलायला लावून खाली बघितलं. प्रेम आपल्या जागी, तपासणी आपल्या जागी.

त्या दिवसापासून गोळी खरोखर पोटात जाऊ लागली. ताटातलं अर्धं काकूंनी कमी केलं. भाज्या वाढल्या. संध्याकाळी पोस्टमनबरोबर तासभर चालणं सुरू झालं. पोस्टमनने चष्मा परत लावला होता, त्यामुळे दोघं रस्ता सोडून भरकटत नसत. कॅन जाऊन बाटली आली. आणि एका सकाळी मास्तर बराच वेळ सुई हवेत धरून बसले.

"अगं," त्यांनी हाक मारली, "जात नाही."

काकू पडदा सारून आल्या. "नीट बघा."

"नाही दिसत नेढं."

"पुन्हा बघा!"

"तीनदा बघितलं. नुसतं धुकं."

काकूंनी हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि त्या आनंदाने धावतच रस्त्यावर गेल्या. "अहो चष्मेवाले! आमच्या मास्तरांना दिसेनासं झालं! सुईसुद्धा दिसत नाही!" चष्मेवाल्यांनी दारात येऊन टाळ्या वाजवल्या. कोटाचं भारी कापड घेऊन पायरीवर पोचलेल्या एका नव्या गिऱ्हाइकाने मात्र हे ऐकलं आणि तो कापड काखेत मारून आल्या पावली मागे फिरला.

लेकीला फोन लावला. मास्तरांनी तिला सुईचं सांगितलं. खांद्यातल्या गोळ्यांची गोष्ट काकूंनी तिला केव्हाच सांगितली होती.

"बाबा, नक्की दिसत नाही ना?"

"नाही गं. शब्द दिलाय तुला. करतो बंद दुकान."

"दुकान बंद?" लेकीने त्यांना मधेच तोडलं. "ज्या दिवशी बिनचष्म्याने सुई ओवाल, त्या दिवशी येऊन मी स्वतः कुलूप लावीन. तोवर बसा मशीनवर. तुम्हाला दिसत नाही तोपर्यंत मला काळजी नाही."

मास्तरांनी हातातली सुई कॉलरमागे टोचली. त्यांनी आजूबाजूला बघितलं. दुकानात चिटपाखरूही नव्हतं.

"ठेवतो गं," ते कसेबसे म्हणाले. "गर्दी आहे दुकानात."