आधी केरसुणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार शेंबेकर सरांचे आहेत, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी त्यांना थोडा हसणार आहे.

शेंबेकर सर चंदीगडच्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते आणि हातात केरसुणी धरून चालत. झाडत नसत. भाल्यासारखी पुढे धरून एकेक पाऊल टाकत शेडमध्ये शिरत. 'आधी केरसुणी, मग मी, मग तू,' हा त्यांचा मंत्र. त्यातला 'तू' म्हणजे मी, किसन. देगलूरहून एम.एस्सी. होऊन आलेला, आमच्या घरातला पहिला पदवीधर.

शेड म्हणजे आवाराच्या टोकाला, पत्र्याखाली उभं केलेलं आमचं स्टेशन. विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि स्कूटरच्या टाकीत भरायचा. शेजारच्या भिंतीवर बॅटरीच्या गाड्यांसाठी प्लग. नव्वदचं दशक सरत आलं होतं, शहरात रोज नव्या मोटारी उतरत होत्या, आणि आमची गिऱ्हाइकं दोन: सरांची स्कूटर आणि एक बॅटरीची तीनचाकी, जी बहुतेकदा ढकलतच यायची.

बाहेर सरांनी पाटी लावली होती, 'बिना धुएँ का स्टेशन'. एकदा एक म्हातारेबुवा डोक्यावर ट्रंक घेऊन आत आले.

"कालका की गाड़ी यहीं से मिलेगी जी?"

"यहाँ गाड़ी नहीं, गैस मिलती है," सर म्हणाले.

"गैस तो मुझे भी है जी, पर जाना कालका है."

सरांनी त्यांना ट्रंकेसकट स्कूटरवर बसवून खऱ्या स्टेशनवर सोडलं. वर्षभर ते आमचे एकमेव प्रवासी.

केरसुणीचं कारण साधं होतं. हायड्रोजनची ज्योत भर उन्हात दिसत नाही. ती दिसायच्या आधी हात भाजतो. केरसुणी पुढे असली की तिचं टोक पेटतं आणि माणूस थांबतो. "डोळे फसतात किसन, शिंदी फसत नाही." केरसुणी शिंदीच्या पानांचीच हवी. इकडचा फुलझाडू पाहिला की म्हणत, "हा झाडू आहे की कुणाची मिशी?" झाडलोट करणारी बिमला त्यांना ऐकवायची, "सर जी, मेरी नौकरी खाओगे क्या?"

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "देगलूरचा ना तू? तिकडे शिंदीची मिळत असेल."

"बघतो, सर," एवढंच मी म्हणालो. माझी आई आठवडी बाजारात बसून केरसुण्याच विकते, स्वतः बांधलेल्या, आणि त्यांवरच मी शिकलो, हे सांगितलं नाही. लाज वाटली. दिवाळीनंतर एक केरसुणी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. सरांनी मुठीवरची गाठ उलटसुलट करून पाहिली.

"हात कुणाचा?"

"बाजारातून आणली, सर."

"बाजाराला हात नसतात," म्हणाले आणि खिळ्याला अडकवली.

मग दिल्लीहून एक साहेब यायचे ठरले. स्टेशन चालू राहणार की बंद होणार, ते त्यांच्या हातात होतं. सरांनी पाटी नव्यानं रंगवली, स्कूटर पुसली. मी हात जोडले. "सर, आजचा दिवस केरसुणी नको. साहेब हसतील."

"हसू देत. आज माणसं जास्त, म्हणजे केरसुणी तर हवीच."

साहेब हसलेच. "प्रोफेसर साहब, सफाई सुबह करवा लेते!" सगळी मंडळी हसली. माझे कान तापले. कधी एकदा हे संपतं असं होऊन मी सरांना ओलांडून गॅस भरायच्या नळीकडे हात पुढे केला.

"आधी केरसुणी!" सर ओरडले आणि कोपरानं त्यांनी मला बाजूला लोटलं. ऊन लख्ख होतं. नळीच्या तोंडाशी काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि त्या काही नसलेल्या जागेत केरसुणीचं टोक तडतडलं, काळं झालं.

सरांनी मुख्य झडप बंद केली. "लीक था जी, मिल गया," त्यांनी आनंदानं जाहीर केलं. साहेब तोवर गाडीत बसले होते.

महिन्याभरात स्टेशन बंद करण्याचं पत्र आलं. आता तिथं स्कूटर स्टँड आहे.

पण साहेब गेले त्या दुपारी सर स्टेशनबद्दल बोललेच नाहीत. माझे दोन्ही हात धरून पालथे-उताणे करून पाहत राहिले. मग जळकी केरसुणी उचलून म्हणाले, "पानं गेली, गाठ सुटली नाही बघ. आईला सांग."

त्यांना कुणी सांगितलं?

"तू वायरी बांधतोस ना, किसन, तीच गाठ आहे ही."

परवा, बऱ्याच वर्षांनी, पुण्याहून त्यांना उत्तर पाठवलं, ते असं:

गुरुवर्य सर,
शिरसाष्टांग नमस्कार.
आमच्या इथे काल हायड्रोजनची पहिली टाकी बसली. मी केरसुणी घेऊन पुढे निघालो, तर हाताखालची मुलं हसली. एकानं विचारलं, "सर, सेन्सर आहे ना?" म्हटलं, असू दे. आधी केरसुणी, मग मी, मग तुम्ही.
सोबत पार्सल आहे. आता शेड नाही, तरी खिळ्याला असावी. पानं आईनं निवडली. तिचे हात आता कापतात, म्हणून गाठ मी मारली. पार्सलवर 'घरगुती वस्तू' असं लिहिलं होतं. ते खोडून लिहिलं, 'केरसुणी, आमच्या घरची'.
गाठ तपासून कळवावं.
आपला,
किसन