उज्ज्वलाबाईंनीं 'बघते' म्हटलें त्याची हकीकत

श्रीवाग्देवी प्रसन्न. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, पौष मासीं वर्तमान घडलें तें ऐसें जे, सात समुद्रांच्या दुभाष्यांची एक महासभा होती, आणि तिचें राज्य पृथ्वीभर, परंतु फौज नाहीं, खजिना नाहीं, अवघा कारभार समित्यांवर, आणि समितीची चाकरी बिनपगारी, नुसत्या मानाची. त्या राज्यांत उज्ज्वलाबाई टिपणीस ह्या नियमदुरुस्ती समितीवर बहुत वर्षें इमानें खपत होत्या. मग एके दिवशीं संगणकाच्या पडद्यावर दरबार भरला, आणि सभापती हेन्रिकसाहेब, मुलूख युरोपाच्या उत्तरेचा, स्वभावें गोड, विचारते जाहले कीं, वैशाखांत परदेशीं अधिवेशन आहे, तेथें या समितीचें प्रमुखपद कोण घेतो? तों एकाचा पडदा काळा जाहला, दुसऱ्याचा आवाज गेला, तिसरा चहाच्या कपांत पाहूं लागला, आणि साहेब म्हणाले, "उज्ज्वलाबाई, आपण?"

लेक केतकी हिचें पहिलें बाळंतपण वैशाखांतच, आणि येऊन राहीन ऐसा शब्द बाईंनीं तिला दिला होता. परंतु भरल्या दरबारीं तोंडावर नाहीं कैसें म्हणावें, म्हणोन बाई साहेबांच्या भाषेंत बोलिल्या, "बघते." आतां आपल्या मुलखांत 'बघते' म्हटलें कीं शेंबडें पोरही समजतें जे काम होणें नाहीं. साहेबांच्या मुलखांत बघते म्हणजे बघतेच, काम पदरीं घेतलेंच. अवघ्यांनीं टाळ्या पिटल्या, आणि बाई प्रमुख जाहल्या.

मग यजमान दिगंबरपंत म्हणाले, "अगं, सरळ नाही म्हणून कळव की! दोन अक्षरं!"

"तुमचं काय जातंय बोलायला! जन्मभर लोकांचे नकार इकडचे तिकडे पोचवले मी, स्वतःचा म्हटला की जीभ टाळ्याला चिकटते."

आणि बाईंस अन्न गोड लागेना, आणि फोन वाजला कीं उचलण्याआधीं नांव दोनदां वाचीत. शेवटीं मनाचा हिय्या करून बाई पडद्यावर साहेबांपुढें बसल्या, आणि लेकीचें सांगितलें, आणि आमच्यांत बघते म्हणजे नकार, हाही खुलासा केला. साहेब बहुत संतोष पावले. "काय नामी शब्द!" म्हणोन मराठी उच्चार विचारून घेतला, आणि पुरुषानें कैसें म्हणावें तेंही घोकलें. बाईंनीं काकुळतीनें विचारिलें, "मग मला मोकळं करता ना?"

साहेब हंसून स्वच्छ मराठींत म्हणाले, "बघतो."

बाईंनीं पडदा बंद केला. इतक्यांत केतकीचा फोन आला. "आई, येतेयस ना गं वैशाखात? मला भीती वाटतेय." बाईंस हो म्हणावयाचें होतें, देवाशपथ, परंतु जिभेवर बसला होता तोच शब्द बाहेर पडला, "बघते गं."

केतकी म्हणाली, "बरं," आणि फोन ठेविला.

येणेंप्रमाणें महासभेस नवा शब्द लाभला, समितीस प्रमुख लाभला, आणि लेकीस दुभाषी लागला नाहीं. हकीकत एवढीच.