व्याही धूसर, लाडू स्पष्ट

कारंज्यात कोणालाही मिक्सर, कूलर किंवा शेतातली मोटार घ्यायची झाली, की तो दुकानात जायच्या आधी माझ्याकडे येतो. ही बढाई नाही, वस्तुस्थिती आहे! मी हर्षल सर. कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, पण माझा खरा विषय परीक्षण. कोणतीही वस्तू आठ दिवस स्वतः वापरल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. आणि एकदा उघडलं की समोरच्याला दोनदा चहा पाजावा लागतो.

तेव्हा आमच्या 'नवशिके छायाचित्रकार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं विचारलं, "सर, पहिलाच डीएसएलआर घ्यायचा आहे, स्वस्तातला कोणता घ्यावा?" मी लगेच लिहिलं, "थांबा. आठ दिवसांत सांगतो."

बसस्टँडजवळ गोविंदसिंगचं कॅमेऱ्याचं दुकान आहे. त्यानं एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

"सर, नव्या मानसासाठी याच्यापेक्षा सस्ता अन् चांगला नाई. घेऊन जा, वापरून पाहा. अन् हे एक दुसरं भिंग देतो. यानं समोरचा मानूस उठून दिसते अन् मागचं सारं धूसर होते. मोठ्या शहरातले फोटोवाले हेच वापरतात."

मग त्यानं काहीतरी जुळवलं आणि कॅमेऱ्याच्या दोन्ही चाकांवर चक्क चिकटपट्टी लावली.

"हे कायले?"

"नवशिक्याचा हात तिथंच जाते, सर. तुमी फक्त बटन दाबा."

नवशिका! मला! पण वस्तू फुकट वापरायला मिळत असताना अपमान गिळावा लागतो. मी गिळला.

पहिल्या दोन दिवसांत वही भरली. हातात नीट बसतो. वजन बेताचं, गळ्यात अडकवून भाजीबाजार फिरलो तरी मान दुखली नाही. डोळा लावून पाहायची खिडकी स्वच्छ. बॅटरी दमदार. एकच दोष सापडला: मागचा छोटा पडदा उन्हात अजिबात दिसत नाही, आपलंच नाक दिसतं. हा दोष मी लाल शाईनं लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि विसरून गेलो. तुम्ही मात्र लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात साधनाचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा, फोटो काढला. तिच्या मागे उतू गेलेलं दूध होतं, न घासलेल्या भांड्यांचा ढीग होता, आणि दोरीवर माझे बनियन होते. फोटोत यातलं काही नाही! साधना झळझळीत, आणि मागे नुसते मऊ मऊ रंग.

"अहो," ती कितीतरी वेळ फोटो पाहत म्हणाली, "हे आपलंच घर हाय? एकोनीस वर्सांत पह्यल्यांदा आवरलेलं दिसून राह्यलं!"

तिनं तडक धनजला वहिनीला फोन लावला, आणि सगळा घात तिथं झाला.

धनजला माझे थोरले बंधू, चंपतदादा, वांगी आणि मेथी पिकवतात. त्यांच्या मुलीचं, संस्कृतीचं, रविवारी साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मुलगा रिसोडचा, उत्कर्ष. पोरगा सालस, पोरीला मनापासून आवडलेला. फोटोवाला आधीच ठरला होता. साधनाचा फोन ठेवल्यावर पाचच मिनिटांत गोजरावहिनींचा मला फोन आला.

"भाऊजी, त्या फोटोवाल्याले नाई म्हनून सांगतलं. तुमीच काढा. घरचा मानूस, घरचा कॅमेरा."

कॅमेरा गोविंदसिंगचा होता, पण मी चूक दुरुस्त केली नाही.

रविवारी रिसोडहून पस्तीस माणसं आली. आता आमचा दादा मानपानाच्या बाबतीत किती कडक, हे अख्ख्या कारंजा तालुक्याला माहीत आहे. पाहुण्यांचा मान कमी पडता कामा नये! मंडपात तीन दिवाण जोडून उंच बैठक केली होती, तिच्यावर नव्या चादरी. त्या बैठकीवर व्याही, विहीणबाई, आणि मधोमध मुलाची आत्या भागिरथाबाई. बाकीचे पाहुणे मागे खुर्च्यांवर. या आत्याबाईंच्या होकाराशिवाय त्या घरात बैलसुद्धा विकत घेतला जात नाही, असं कळलं होतं. आमची माणसं नम्रपणे खाली सतरंजीवर, त्यांच्या पायाशी. सतरंजीच्या पुढे बुंदीच्या लाडवांची परात.

म्हणजे पाहा! सगळ्यात पुढे लाडू, लाडवांना खेटून आमची माणसं, आणि मागे, उंचावर, मानाचे पाहुणे. आणि माझ्या हातात मागचं सारं धूसर करणारं भिंग!

तुमच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही. मी फोटो काढत सुटलो. अंगठी घालताना, ओटी भरताना, पेढा भरवताना. मंडपाच्या फटीतून ऊन थेट पडद्यावर येत होतं. प्रत्येक फोटोनंतर मी पडदा पाहायचो, मला माझं नाक दिसायचं, आणि मी म्हणायचो, "वा!" मग बाकीचेही म्हणायचे, "वा!"

पाहुणे खुशीत परत गेले. मी चहा पीत पीत फोटो कॅमेऱ्यातून मोबाइलमध्ये घेतले. ही सोय नवशिक्यांसाठी फारच उत्तम आहे, असं वहीतही लिहिलं. आणि एकदम दोनशे चौदा फोटो दोन्ही घरांच्या ग्रुपवर सोडून दिले. एकेक उघडून कोण पाहत बसतो! मी काही नवशिका नव्हतो.

निळ्या खुणा उमटल्या. पण एकही अंगठा नाही, एकही फूल नाही. रिसोड चिडीचूप!

अर्ध्या तासानं दादाचा फोन वाजला. दादानं तो स्पीकरवर टाकला. आत्याबाई होत्या. आमच्याकडे व्याह्याला ईवाई म्हणतात.

"ईवाई, आमी काय चोऱ्या केल्या हायेत?"

"काय झालं, आत्याबाई?" दादा उभाच राहिला.

"टीव्हीवर आरोपीचं तोंड असं धूसर करतात! आमचे पस्तीस मानसं, पस्तीसही धुक्यात! माह्या भावाच्या मिशा कुठी गेल्या? अन् तुमच्या लाडवावरची बुंदी मोजून घ्या! लाडवाची इज्जत हाय, आमची नाई?"

मी धडपडत मोबाइल उघडला. अरे देवा! गोजरावहिनींच्या पदराचा एकेक धागा दिसत होता. साधनाच्या ब्लाउजची सेफ्टी पिन दिसत होती. लाडू तर असे, की हात घालून उचलावेत. आणि मागे पस्तीस रंगीत ढग!

"आत्याबाई," मी ओरडलो, "हे तांत्रिक आहे! याला मोठं ॲपर्चर म्हणतात!"

"मले इंग्रजी शिकवू नका! अंगठीचा फोटो पाहा. पोरगी साफ, पोरगा धूसर! कायले? सोयरीक मोडली तर दुसऱ्या पोराले दाखवाले फोटो तयार पाह्यजे म्हनून?"

फोन बंद झाला. दाराशी संस्कृती उभी होती, मेंदीचा हात तसाच धरून.

"काका," ती म्हणाली, "उत्कर्ष फोन उचलून नाई राह्यले."

एवढंच म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं. माझं डोकंच सणकलं. एका भिंगापायी पोरीचं लग्न मोडतं म्हणजे काय? भूगोलाचा मास्तर आहे मी! नदीचं खोरं समजावतो, मोसमी वारे समजावतो, मग ॲपर्चर समजावता येणार नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादा आणि मी निघालो. एसटीनं वाशीम, तिथून जीपनं रिसोड. जीपमध्ये दादा एकच वाक्य बोलला, "त्या फोटोवाल्याले काहून नाई म्हटलं असन!" ते त्यानं चार वेळा म्हटलं.

रिसोडच्या घरी पाणी आलं, चहा आला नाही. आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. व्याही छताकडे पाहत होते. उत्कर्ष भिंतीला टेकून उभा होता, चेहरा उतरलेला. आत्याबाई खुर्चीवर, दाराच्या अगदी मधोमध.

मी उभा राहिलो आणि शिकवायला सुरुवात केली. भिंगातलं भोक मोठं केलं की उजेड जास्त येतो, पण एकाच अंतरावरचं नीट दिसतं, बाकी धूसर होतं. भोक लहान केलं की सगळं नीट. फळा नव्हता, म्हणून ताटलीवर वाटी ठेवून दाखवलं.

"म्हंजे भोक मोठं असलं की कमी दिसते?" व्याही प्रथमच बोलले.

"अगदी बरोबर!"

"हे कोनतं शास्त्र, ईवाई? आमच्या घराची खिडकी मोठी केली तं जास्त दिसाले लागलं!"

दादानं डोक्याला हात लावला. मी तर पेटलोच! शेवटी म्हटलं, प्रात्यक्षिकच दाखवतो.

"आत्याबाई, तुम्ही इथं पुढं बसा. दादा, तू त्यांच्या मागे भिंतीशी उभा राह्य. आता पाहा कोणाची इज्जत जाते ते!"

आत्याबाई पदर सारखा करून ताठ बसल्या. मी बटण दाबलं. घरात ऊन नव्हतं, पडदा स्वच्छ दिसत होता. मागे दादाचा ढग झालेला. पुढे आत्याबाई, अगदी लख्ख. मी विजयी मुद्रेनं कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो जवळ धरला. लांब धरला. चष्मा पुसून पुन्हा जवळ धरला.

"हे कोन हाय?"

"तुम्हीच, आत्याबाई."

कॅमेरा खरंच चांगला होता. हनुवटीवरचा तीळ दिसत होता, तिळावरचा केस दिसत होता, आणि कपाळावर एकूण किती नांगरट झाली आहे तेही दिसत होतं. उत्कर्षनं डोळे मिटले. मीही मनात म्हटलं, संपलं! पोरीचं लग्न मी स्वतःच्या हातानं मोडलं.

"कालचा दाखवा मले," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

मी मोबाइलवर कालचा फोटो दाखवला. बैठकीवर मधोमध एक मऊ गुलाबी चेहरा, वय सांगता येणार नाही असा, काळेभोर केस, नुसतं हसू दिसतंय. आत्याबाईंनी तो बराच वेळ पाहिला.

"हा मोठा करून, फ्रेम करून पाठवा," त्या म्हणाल्या. मग घराकडे वळून ओरडल्या, "अरे, ईवाई कवापासून बसले हायेत! चहा कोन ठेवीन?"

चहा आला! सोबत चिवडाही आला. उत्कर्ष संस्कृतीला फोन लावायला आपला मोबाइल घेऊन पळतच अंगणात गेला, आणि दादानं नंतर सांगितलं की तेव्हा दादाचे स्वतःचे पाय पहिल्यांदा जमिनीला टेकले. निघताना आत्याबाईंनी मला बजावलं, "लग्नाचे फोटो तुमीच काढा. अन् आमाले असंच धुक्यात ठेवा."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मी घरी आलो.

घरी साधना आणि गोजरावहिनी माझी वाटच पाहत होत्या. आत्याबाईंच्या फ्रेमची बातमी माझ्याआधी पोचली होती.

"त्यायच्या बाया साऱ्या पंचविशीतल्या," वहिनी कडाडल्या, "अन् आमच्या दाताची फट दिसून राह्यली! आपल्याच मानसायवर दुश्मनी काहून काढली, भाऊजी?"

"माझी पिन!" साधना म्हणाली. त्यापुढे ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

आता सांगा! काल व्याही धूसर म्हणून भांडण, आज आपण स्पष्ट म्हणून भांडण! मी ठरवलं, लग्नात सगळ्यांना सारखा न्याय. गोविंदसिंगकडून कॅमेऱ्याची मुदत महिनाभर वाढवून घेतली. चिकटपट्ट्या स्वतः सोलून काढल्या. कॅमेऱ्यासोबत येणारं साधं भिंग लावलं, भोक लहान केलं, आणि खांबाजवळ सावली पाहून स्टँड उभा केला. लग्नाच्या दिवशी दोन्ही घरांची एकशे बारा माणसं एका फोटोत बसवली. वर-वधू, व्याही, आत्याबाई, वहिनी, मागच्या रांगेतला आचारीसुद्धा, सगळे टाचणीसारखे स्पष्ट! कोणी कमी नाही, कोणी जास्त नाही. छायाचित्रणाच्या इतिहासात इतका निःपक्षपाती फोटो निघाला नसेल.

ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत फोन आला. उचलला तर दोन आवाज एकदम! पोरीला पोचवायला गेलेल्या गोजरावहिनी आणि भागिरथा आत्याबाई रिसोडला एकाच पलंगावर बसून बोलत होत्या.

"हे काय केलं तुमी?" दोघीही.

"पुरा सत्यानास केला!" आत्याबाई.

"मी म्हनतच होती आत्याबाई, आमच्या भाऊजीले काई जमत नाई!" वहिनी.

"अवं, तुमी लय सोसलं, बाई!" आत्याबाई.

आणि दोघी माझ्यावरून जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या! आज त्या रोज फोनवर तासभर बोलतात. दादा म्हणतो, अशी घट्ट सोयरीक पंचक्रोशीत नाही. श्रेय कोणाला, हे कोणी बोलत नाही.

एकट्या संस्कृतीचा मेसेज आला. "काका, फोटो लय छान आला. सगळे दिसतात. पन तुमी कुठी हाय?"

मी कुठे आहे! साक्षगंधाच्या दोनशे चौदा फोटोंत मी नाही. लग्नाच्या साडेसहाशे फोटोंत मी नाही. मुलीचा सख्खा काका! स्पष्ट सोडा, धूसरसुद्धा नाही! एवढा मानपान, एवढे रुसवेफुगवे, आणि "सर, एक तुमचाही काढू" असं दोन्ही घरांतून एकाला म्हणावंसं वाटलं नाही!

कॅमेरा गोविंदसिंगला परत केला. ग्रुपवर परीक्षण टाकलं: 'नवशिक्यांसाठी उत्तम. घेणाऱ्यानं स्वतःचा फोटो आधी काढून घ्यावा.' आणि मग मी रुसलो. रीतसर, कडकडीत रुसलो. धनजला जात नाही, रिसोडचा फोन घेत नाही, घरात मान वळवून जेवतो.

आज सतरा दिवस झाले. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही!