हळदकुंकू लावलेला गड्डा

पाथरीकर सर दर आठवडी बाजारात माझ्या ढिगातला सगळ्यात पांढरा फुलगोबीचा गड्डा उचलतात, त्याला हळद, कुंकू आणि नीळ लावतात आणि स्टुलावर उभे राहून ओरडतात, "मेंदू बघा, मेंदू. फुकट हाय, घेऊन जावा."

'फुकट' हा शब्द मला सोसत नाही. डोक्यावर पाटी घेऊन सोनपेठच्या बाजारात आलो, तेव्हा मला कुणी सावलीसुद्धा फुकट दिली नाही. आज भाजीच्या ओळीत सगळ्यात मोठं दुकान माझं आहे. आणि बरोबर त्याच्याच तोंडावर हा रिटायर झालेला विज्ञानाचा मास्तर मेंदूची शाळा भरवतो.

हळद लावली ती बोलण्याची जागा. मागे कुंकू, ती बघण्याची. कानाच्या बाजूने आत बोट घालून नीळ लावायची, ती आठवणीची. देठ दाखवून म्हणायचं, "ह्यो हाय तवर श्वास हाय." एवढ्यावर माझी तक्रार नव्हती. पण शिकवून झालं की सर तो गड्डा जपून परत माझ्या ढिगावर ठेवायचे. भर बाजारात हळदकुंकू लावलेली गोबी बघून आपल्याकडची बाईमाणसं काय समजणार? पहिल्याच दिवशी एका म्हातारीने तोंडाला पदर लावला आणि "करणी केली गं बया कुणीतरी" म्हणत ती मागच्या मागे फिरली. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे कुत्रं फिरकलं नाही. समोरची मिरचीवाली कौसाबाई म्हणाली, एक लिंबू पण ठेव, म्हंजी काही कमी राहायला नको.

मी सरांवर खूप ओरडलो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या बाजारी 'रागाचा मेंदू' शिकवताना नमुना म्हणून मलाच दाखवलं.

मग मी सौद्यावर आलो. मारुतीच्या पारावर जागा बघून दिली. वर पत्रा, सतरंजी माझी, गड्डासुद्धा माझा. ठोक बाजारातल्या बागवानांना घाम फोडणारा माणूस मी, पण सर एक बोट सरकले नाहीत. "जागा हीच," एवढंच. का, ते सांगेनात. माझ्या मनात मात्र अढी बसली ती बसलीच.

शाळेचा शेवट ठरलेला असे. एखाद्याची निळी जागा सुकली तर काय करायचं? हसायचं नाही. परीक्षा घ्यायची नाही. बसवायचं. हाताला काम द्यायचं. कौसाबाईला हे इतकं पाठ झालं होतं की सरांच्या आधी तीच मिरच्या निवडत गाण्यासारखं म्हणायची आणि सगळी ओळ हसायची. सर हसत नसत. ते सगळ्यांना पुन्हा म्हणायला लावत.

सरांच्या बायको सुमनकाकू माझ्या जुन्या गिऱ्हाईक. घासाघीस करावी तर त्यांनीच. गेलं वर्षभर त्या बाजारात दिसल्या नव्हत्या. सर सांगायचे, गुडघे धरलेत.

परवाच्या बाजारी सरांच्या आधी काकू आल्या. अनवाणी, हातात पिशवीऐवजी उशीचा अभ्रा. गुडघ्यांना काही झालेलं दिसेना. त्यांनी गड्डा उलटापालटा केला, नेहमीसारखं नाक मुरडलं आणि मला म्हणाल्या, "ए पाटीवाल्या पोरा, मालक कुठं गेला तुझा?"

भर बाजारात. माझ्या डोक्यात सणक गेली. तोंड उघडणार, तेवढ्यात समोरून कौसाबाईचा आवाज आला. या वेळी गाण्यासारखा नव्हता.

"हसायचं न्हाई, शेठ. परीक्षा घ्यायची न्हाई."

मी गिळला तो शब्द. काकू अभ्र्याची घडी घालत होत्या, मोडत होत्या.

"मालक जेवायला गेलेत काकू," मी म्हणालो. "बसा."

पोत्यावर बसवलं. कौसाबाईने पाणी आणलं, पुढ्यात वाटाण्याच्या शेंगा ठेवल्या. कुणी त्यांना घर कुठं, नाव काय, विचारलं नाही. अख्खी ओळ आपापला माल विकत राहिली आणि एक डोळा काकूंवर ठेवून राहिली.

सर धापा टाकत आले, तेव्हा काकू शेंगा सोलत होत्या. सर लांबच थांबले. चष्मा काढून पुसत राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "हिला घर सापडत नाही. पण कधी नजर चुकवून निघाली तर पाय हिला बरोबर इथंच आणणार, हे ठाऊक होतं. म्हणून जागा सोडत नव्हतो. लय त्रास दिला तुमाला. पुढच्या बाजारापासून पारावर जातो."

एवढे दिवस मी मागत होतो तेच हातात येत होतं.

"पारावरची जागा गेली सर," मी आवाज चढवून म्हणालो. "तिथं दुसरा बसायलाय. आता हितंच बसावं लागंल."

त्यांनी पाराकडे पाहिलं. पार रिकामा होता. मग ढिगातला एक गड्डा उचलून ते हळदीची पुडी सोडायला लागले.

"पोरा," काकूंनी हाक मारली, "आला का रे मालक?"

"यायलेत, काकू," मी म्हणालो आणि आणखी एक ओंजळ शेंगा त्यांच्यापुढे ठेवल्या.