कोरड्या हातांची प्रथा

आरोग्य विभागाच्या युवा जागृती सप्ताहात हात धुण्याचं प्रात्यक्षिक ठरलं, त्यासाठी परदेशातून दहा तरुण पाहुणे आले, आणि नेमकं त्याच सकाळी नळाला पाणी आलं नाही.

स्वयंसेवकांची गटप्रमुख होती एका प्लंबरची धाकटी लेक. शिकत होती कॉलेजात, पण बंद नळ दिसला की तिचे हात शिवशिवायचे. तिनं पाइपाला कान लावला आणि अधिकाऱ्यांना सांगितलं, "साहेब, गच्चीवरचा व्हॉल्व्ह अडकलाय. पाना आणते. दहा मिनिटांचं काम आहे."

"व्हॉल्व्ह पाणीपुरवठा विभागाचा आहे," साहेब म्हणाले. "तू हात लावलास तर खुलासा मला द्यावा लागेल. आपल्याकडे फक्त जागृती. ती कोरडीही होते."

धाकटीनं मंचावर उभं राहून कोरडेच हात चोळले. तळवे, बेचक्या, नखं. लाजेनं कान लाल झाले. शेवटी सवयीनं तिनं हात झटकलेसुद्धा.

पाहुण्यांना मायदेशाहून निघताना पुस्तिका मिळाली होती : यजमानांच्या प्रथांचा मान राखा, हसू नका. दहाही जणांनी गंभीर चेहऱ्यानं हात चोळले, झटकले. त्यांच्या म्होरक्या मुलीनं दुभाष्यामार्फत विचारलं, "ही प्रथा किती जुनी?"

"सकाळपासूनची," धाकटी म्हणाली.

"अतिप्राचीन," साहेब म्हणाले.

दुभाष्याच्या बिलावर सही साहेबांची होती. त्यानं साहेबांचं उत्तर सांगितलं.

मग प्रकरण कुणाच्याच हातात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळाशाळांतून कोरडं धुणं सुरू झालं. तिसऱ्या दिवशी पाणी आपसूक आलं, तेव्हा प्रथेला बाधा नको म्हणून साहेबांनी परिपत्रक काढून नळापाशी शिपाई बसवला. चौथ्या दिवशी पाहुण्यांच्या गावाहून फोन आला : आदरापोटी तिथल्या दोन शाळांनी बेसिनं उखडून टाकली होती.

"अगं, जगभरचे नळ असे बंद झाले तर आपण खायचं काय?" धाकटीचे बाबा काळजीत पडले.

समारोपाच्या जेवणाला तीनशे माणसं होती. सगळ्यांनी हवेत हात धुतले, एकमेकांना टाळ्या दिल्या आणि ताटांवर बसले. धाकटीशेजारी म्होरकी बसली होती. सकाळच्या आरोग्य फेरीत तिच्या सायकलची साखळी निसटली होती. बोटं वंगणानं काळीकुट्ट. ती बोटं ताटात जाणार, तेवढ्यात धाकटीनं तिचं मनगट धरलं, शिपायाची नजर चुकवून तिला नळावर नेलं आणि दोघींचे हात साबण लावून खसाखसा धुतले.

पाहुणी बघतच राहिली. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "आमच्याकडेपण असंच धुतात!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

दोघी नळाला टेकून पोट दुखेपर्यंत हसल्या. हसण्याच्या आवाजानंच शिपाई आला. परकीय प्रभावाखाली प्रथा मोडल्याबद्दल धाकटीचं गटप्रमुखपद गेलं.

दुसऱ्या दिवशी दोनशे अठ्ठ्याण्णव पोटं बिघडली. विभागानं तातडीनं समिती नेमली. समितीनं अंथरुणातूनच निष्कर्ष दिला : जागृती कमी पडली. सबब सप्ताहाचा आता महिना करण्यात आला आहे.

सुजाण वाचकांनीही सहभाग नोंदवावा. त्यासाठी उठण्याची गरज नाही. आपण आजवर करत आलात तसं, बसल्या जागी नुसतं वाचलंत तरी सहभाग धरला जाईल.