जांभळीची राहिलेली फांदी

बेलवलीचे दिनानाथ ठोंबरे हे प्रतिष्ठित गृहस्थ होते, आणि याचा लेखी पुरावा उपलब्ध होता. पोलिसांच्या त्रेसष्ट पंचनाम्यांत त्यांचा उल्लेख ‘लगतचे प्रतिष्ठित रहिवासी’ असा झालेला होता. जप्ती दोन त्रयस्थ, अब्रूदार माणसांच्या डोळ्यांदेखत व्हावी, अशी कायद्याची अपेक्षा असते. अशी माणसे घटनास्थळी क्वचितच सापडतात. चौकीपासून तीन मिनिटांवर मात्र दिनानाथ हमखास सापडत.

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते तीस वर्षे भांडारपाल होते. कोऱ्या मागणीपत्रांवर आधीच सह्या करून ठेवल्या की उत्पादन अडत नाही, हे सूत्र त्यांना तिथे गवसले होते. निवृत्तीनंतर त्यांनी ते न्यायदानालाही लागू केले. शुक्रवारी फिरून येताना ते चौकीत डोकावत आणि दहा कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या ठोकून येत. वरचा मजकूर हवालदार साईनाथ सवडीने भरत. त्यामुळे शनिवार-रविवारी न्यायाचा खोळंबा होत नसे आणि दिनानाथांच्या वामकुक्षीचाही.

अशाच एका रविवारी मांजर्लीतल्या एका गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा चालू असताना पाण्याची मोटर जागेवर नसल्याचे सभासदांच्या ध्यानात आले. ती दुरुस्तीसाठी आदल्या दिवशीच उल्हासनगरला गेली होती. पण हे ठाऊक असणारे सचिव सभेला गैरहजर होते, आणि सभेने चोरीची तक्रार एकमताने मंजूर केली. परतल्यावर सचिवांना सत्य सांगता आले असते. परंतु एकमताने झालेल्या ठरावाचा अवमान करणे त्यांच्या संस्कारांत बसेना.

त्या संध्याकाळी बारवीकडच्या पाड्यावरचा देऊ मांजर्लीवरून घरी निघाला होता. त्याच्या खांद्यावर दोर होता आणि हातात कोयता, म्हणून साईनाथांनी त्याला अडवले. चोरीला दोर लागतो आणि कोयताही लागू शकतो, म्हणजे अर्धा तपास रस्त्यातच पूर्ण झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी झुडपातून एक मोटर निघाली. जप्ती भरदिवसाची बरी दिसते, म्हणून कागदावर रविवार, दुपारी बारा ते एक ही वेळ पडली. तळाशी सही होतीच.

अडचण एवढीच होती, की त्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत देऊ दिनानाथांच्याच अंगणातल्या जांभळीवर होता. शेजारच्या भिंतीवर झुकलेल्या फांद्या तो तोडत होता. एक फांदी राहिली. कोयता बोथट झाला, म्हणून धार लावून आणायला तो बरोबर घेऊन गेला. कोयता दिनानाथांचा होता.

तिसऱ्या दिवशी देऊची आई ठमाबाई ओसरीच्या पायरीशी येऊन बसली. वर बसा म्हटले तरी ती वर बसली नाही. तिने तक्रार केली नाही, फक्त आठवण करून दिली.

“आण्णा, तवा त्यो तुमच्या जांभळीवरच व्हता ना? तुमीच त्याला च्या दिला, त्यानं सांगलं मला. तेवढं साह्यबाला सांगा.”

चहा दिल्याचे दिनानाथांना आठवत होते. ते भल्या मनाचे होते, त्यामुळे तडक चौकीत गेले. साईनाथांनी त्यांना मानाने खुर्ची दिली आणि कागद पुढे ठेवला.

“सही तुमचीच ना, आण्णा?”

“माझीच.”

“मग दुपारी तुम्ही मांजर्लीत होतात.”

“अहो, मी घरी होतो. देऊ माझ्या झाडावर होता.”

“बघा हं,” साईनाथ समजुतीने म्हणाले, “सही खरी, म्हणजे तुम्ही मांजर्लीत. आणि तुम्ही मांजर्लीत, तर तो तुमच्या झाडावर होता हे तुम्ही बघितलं कुठून? ऐकीव गोष्टी कोर्टात चालत नाहीत, आण्णा.”

या युक्तिवादातली फट दिनानाथांना दिसेना. शिवाय साईनाथांनी सहज सुचवले, की ही एक सही पोकळ ठरली तर उरलेल्या बासष्टही उकराव्या लागतील. त्या सह्यांमुळे अकरा माणसे आत आहेत. ती सुटतील, आणि बेलवलीतच तर राहतात, आण्णा सकाळी एकटेच फिरायला जातात. दिनानाथ घरी आले आणि त्यांनी फिरण्याचा रस्ता बदलला.

देऊला जामीन मंजूर झाला, पण जामीनदार प्रतिष्ठित हवा होता. पाड्यावर प्रतिष्ठित कोणी नव्हते. त्याला सरकारकडून मोफत वकील मिळाला. उल्हासनगरचे हे भावेश वकील कळवळ्याचे गृहस्थ होते आणि त्या दिवशी त्यांची सात प्रकरणे बोर्डावर होती. साक्षीपूर्वी व्हरांड्यात ते दिनानाथांना म्हणाले, “आण्णा, मैं एकच सवाल पूछेगा. खरं बोललात तर पोरगा आज घरी.”

सरतपासणीत दिनानाथांना कोयता दाखवण्यात आला. ओळखता का, असे विचारताच त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता होय म्हटले. मुठीवरची खाच, पात्याचा डाग, सगळे त्यांनी तपशीलवार सांगितले. त्यांच्या साक्षीतला हा एकमेव खरा भाग होता आणि न्यायालयावर त्याचाच सर्वाधिक प्रभाव पडला.

मग भावेश वकील उठले. “पंचनाम्यावर सही तुम्ही वाचून केलीत?”

आरोपीच्या पिंजऱ्यातून देऊ ओळखीचे हसला. नाही म्हणायला एकच शब्द पुरेसा होता. पण भरल्या दालनात, न वाचता सही करणारा माणूस अशी आपली ओळख नोंदली जावी, हे दिनानाथांना कदापि मान्य नव्हते.

“अर्थात,” ते म्हणाले.

शेवटी देऊला काही सांगायचे आहे का, अशी रीतसर विचारणा झाली. तो थोडा विचार करून म्हणाला, “आण्णांची एक फांदी राहिली.” आरोपीने असंबद्ध उत्तर देऊन प्रश्न टाळल्याची नोंद झाली. निकालपत्रात पंच क्रमांक एक यांचे कौतुक होते, कारण आरोपीशी त्यांची साधी ओळखही नव्हती. देऊला दोन वर्षे सक्तमजुरी झाली.

जप्त मोटर न्यायालयाने संस्थेला परत केली. दुरुस्त होऊन आलेली आधीच बसवलेली होती. सभासदांनी कोणताही प्रश्न न विचारता दोन्ही स्वीकारल्या. वरच्या मजल्यांचा पाण्याचा दाब लक्षणीय सुधारला.

दोन वर्षांनी देऊ बेलवलीत आला, तो दुसऱ्याचा कोयता घेऊन. दिनानाथांचा अजून मुद्देमालातच होता. तो जांभळीवर चढला, राहिलेली फांदी उतरवली, पाला गोळा केला. मग हात पुसून त्याने कनवटीचा कागद काढला. मांजर्लीच्या त्याच संस्थेला माळी हवा होता. त्यासाठी एका प्रतिष्ठित रहिवाशाच्या सहीचा वर्तणुकीचा दाखला लागत होता.

“तुमी वळखता ना मला, आण्णा.”

दिनानाथांनी चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. ‘सदर इसमाविरुद्ध कोणताही गुन्हा शाबीत झालेला नाही’ या ओळीवर त्यांचे बोट थांबले. त्यांनी पेनाला टोपण लावले.

“देऊ, हे खरं नाही रे,” ते हळुवारपणे म्हणाले. “खोट्या कागदावर मी सही करत नाही.”

देऊने कागदाची घडी केली आणि पाल्याचा भारा उचलून तो गेला.

दिनानाथांना कोणी नावे ठेवू नयेत. ती अट त्यांनी घातलेली नव्हती. असा दाखला असल्याशिवाय कोणालाही कामावर घेऊ नये, हा ठराव संस्थेच्या सभेचा आहे. इतिवृत्ताखाली बेचाळीस सह्या आहेत, आणि वाचून केलेली एकही नाही. अशी इतिवृत्ते हल्ली घरोघर फिरतात. त्यांतली आपली सही कितवी, ते सवडीने पाहून घ्यावे.