घोरपडेकाका शर्यतीत उतरतात

घोरपडेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर रस्त्यात शड्डू ठोकत होते. अंगात पपयांच्या चित्रांचा शर्ट, खाली खाकी हाफपँट, वय सत्तरीला टेकलेलं आणि कोल्हापूरच्या तालमीत शोभावी अशी पांढरी झुपकेदार मिशी. समोर कुणी पैलवान नव्हता. एका लांब टेबलावर लिंबाचे पाय मांडून ठेवले होते.

पाय म्हणजे अमेरिकेतलं एक आंबटगोड पक्वान्न, वर बोटभर क्रीम. मी आईला फोनवर सांगितलं, "इथे पाय खायची स्पर्धा असते," तर ती घाबरून म्हणाली, "कुणाचे?" हात पाठीमागे धरायचे आणि नुसत्या तोंडाने सगळ्यांच्या आधी पाय संपवायचा, एवढाच नियम. शिट्टी वाजली. काकांनी जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि क्रीममध्ये तोंड खुपसलं. पण मिशीने घात केला. निम्मं क्रीम मिशीतच अडकलं आणि काका शेवटून पहिले आले.

"अगं, मिशी बघ त्यांची!" मी बायकोला म्हणालो.

तसे ते गर्रकन वळले. "मिशीला काय बोलायचं नाही हां!" नाकाच्या शेंड्यापर्यंत पांढरे झालेले ते गृहस्थ शुद्ध मराठीत आमच्या अंगावर आले. "कुठलं गाव?"

"पुणे," मी चाचरत म्हणालो.

"असू दे, असू दे," त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "माणूस सुधारतो."

ही गोष्ट २००४ सालची. मी जर्सी सिटीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. हॉटेलांच्या बुकिंगची सिस्टिम बसवायला कंपनीने मला फ्लोरिडाच्या पार खालच्या टोकाला पाठवलं. तिथे समुद्रात बेटांची माळच गेलेली आहे, लांबच लांब पुलांनी एकमेकांना बांधलेली. त्यातल्या एका बेटावर मी आणि मेघना वर्षभरासाठी जाऊन पडलो. काम बेताचं, ऊन बेसुमार. रस्त्यात कोंबडे साहेबासारखे फिरायचे आणि त्यांच्यासाठी गाड्या थांबायच्या. भिंतींवर हातभर लांबीच्या, घोरपडीसारख्या इग्वाना ऊन खात बसलेल्या. पहिल्याच भेटीत काकांनी त्यातल्या एकीकडे बोट दाखवून ओळख करून दिली, "आमचे भाऊबंद. घोरपडे."

काका मूळचे सिव्हिल इंजिनिअर. तरुणपणी अमेरिकेत आले, त्या पुलांच्या दुरुस्तीच्या कामावर इथे उतरले आणि रिटायर झाल्यावरही हलले नाहीत. बेटावर मराठी घर त्यांचं एक आणि आता आमचं दुसरं. त्यामुळे आमचा ताबा त्यांनी त्याच दिवशी घेतला.

त्या बेटावरच्या लोकांना उत्सवाला कारण लागायचं नाही. एका रविवारी शंख फुंकायची स्पर्धा, दुसऱ्या रविवारी कुत्र्यांना कपडे घालून मिरवणूक, तिसऱ्या रविवारी शंखात राहणाऱ्या खेकड्यांची शर्यत. आणि काका प्रत्येक ठिकाणी हजर. बघायला नव्हे. बघ्यांबद्दल त्यांना तुच्छता होती. "बघायला काय, कोंबडीपण बघते. आपण उतरतो!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फोन उचलला की "हॅलो" नाही, काही नाही, थेट "रविवारी उतरतोय. या."

शंखाच्या स्पर्धेत बाकीचे लोक शंखावर सुरेल गाणी वाजवत होते. काकांनी आरतीच्या आधी फुंकतात तसा सरळ दम धरला. चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, आणि शेवटी शंखातून अडलेल्या म्हशीसारखा एक आवाज निघाला. पुढच्या रांगेतलं एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. खेकड्यांच्या शर्यतीत त्यांच्या खेकड्याचं नाव होतं हिंदकेसरी. शिट्टी वाजताच बाकीचे खेकडे धावत सुटले आणि हिंदकेसरी आपल्या शंखात अंग ओढून बसला, तो बक्षीस समारंभ होईपर्यंत बाहेर आला नाही. कुत्र्यांच्या मिरवणुकीत काकांकडे कुत्राच नव्हता. त्यांनी शेजारच्या हँकचा कुत्रा मागून आणला आणि त्याला फेटा बांधला. कुत्र्याने फेटा खाल्ला.

काका प्रत्येक वेळी हरायचे आणि प्रत्येक वेळी त्यांचं एकच म्हणणं असायचं, "पंचांनी घाण केली."

मला वाटायचं, माणूस जन्मजात असाच हौशी असणार. काकूंची दया यायची. पण काकूंना आम्ही पाहिलंच नव्हतं. काका आम्हाला घरी न्यायचे ते व्हरांड्यापर्यंत. तिथेच सरबत यायचं, तिथेच गप्पा व्हायच्या. आतल्या खोलीच्या खिडकीला पडदा ओढलेला असे. एवढंच कळलं होतं की दोन वर्षांपूर्वी सुशीलाकाकूंना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली आणि तेव्हापासून त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. पाहुणेही नको म्हणतात.

पुढे मेघनाने एकदा घरी पिठलं-भाकरी केली आणि आम्ही डबा घेऊन गेलो. काका तो आत घेऊन गेले. थोड्या वेळाने आतून जड, सावकाश आवाज आला, "भाकरी कुणी थापली? आत पाठवा तिला."

असा आम्हाला आत प्रवेश मिळाला. काकू पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, डोळे विलक्षण तेजस्वी. बोलणं अडखळत यायचं, पण धार होती. "भाकरी जाड झाली," त्या म्हणाल्या. "पण चव बरी. पुढच्या वेळी मी सांगतो तशी कर." कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं त्या 'मी येतो, मी सांगतो' बोलायच्या. मेघनाला पहिल्यांदा ते ऐकून हसू फुटलं, आणि काकूंनाही ते आवडलं.

त्यानंतर स्पर्धेहून परतताना आम्हीही आत जाऊ लागलो आणि मग मला खरा कार्यक्रम बघायला मिळाला. काका पलंगासमोर उभे राहून सकाळची सगळी स्पर्धा करून दाखवायचे. खेकडा व्हायचे, पंच व्हायचे, शिट्टी व्हायचे. काकू एकेक शब्दाने त्यांना पुढे ढकलायच्या. "मग? ... आणि ती बेकरीवाली? ... टोपी कुठली होती तिची?" काकांना टोपी आठवायची नाही. "नीट बघत नाही तुम्ही काही," काकू म्हणायच्या. पुढच्या रविवारी काका शड्डू ठोकता ठोकता मान वळवून टोप्या बघून ठेवायचे.

हँक हा शेजारी. होड्या भाड्याने द्यायचा. एकदा त्याच्या धक्क्यावर बसलो असताना मी हसत म्हणालो, "आमचे काका तरुणपणापासून असेच वेडे होते का रे?"

हँकने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "कोण, तो? तो कधीच यायचा नाही. मिरवणुकीच्या दिवशी गाडीत बसून पेपर वाचायचा. वेडी होती ती सूशी." सुशीला हे नाव बेटावरच्या लोकांच्या जिभेला पेलायचं नाही, त्यांनी तिची सूशी केली होती. काका त्यावर कायम कुरकुरायचे, बायकोचा कच्चा मासा केला म्हणून. "प्रत्येक स्पर्धेत ती असायची," हँक सांगत होता. "नऊवारी नेसून सायकल चालवायची. शंख असा वाजवायची की बंदरातल्या होड्या उत्तर द्यायच्या. ती पडल्यावर त्याने सुरुवात केली. मला येऊन विचारलं, हँक, खेकडा कुठे मिळतो?"

घरी जाऊन मेघनाला सांगितलं.

मग पलंगांची शर्यत आली. हे खरंच असतं. पलंगाला चाकं लावायची, सजवायचं, एकाने त्यावर बसायचं आणि चौघांनी तो मुख्य रस्त्यावरून ढकलत पळायचं. काकांनी गॅरेजमध्ये महिनाभर खटपट केली. पुलांचं आयुष्यभर काम केलेला माणूस. पलंगाला ब्रेक बसवले, पाठीला टेकू दिला, डाव्या बाजूला गादीचा कठडा केला, वर झिरमिळ्या लावल्या. डाव्या बाजूचा तो कठडा पाहून माझ्या लक्षात आलं की पलंग कुणासाठी चाललाय.

काकांनी काकूंना विचारलं तेव्हा आम्ही दोघंही तिथेच होतो.

"उतरायचं का गं?" ते म्हणाले. एवढंच. आवाज नेहमीसारखा नव्हता.

काकूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "नको."

"अगं, ब्रेक केलेत. पडायची भीतीच नाही."

"पडायची भीती कुणाला आहे?" काकू म्हणाल्या. "लोकांनी मला नाचताना बघितलंय. आता हे तोंड वाकडं बघून च्च् च्च् करतील. ती शर्यत नसते. मी नाही येत."

काकांनी पंचांनासुद्धा दोष दिला नाही. गॅरेजमध्ये गेले आणि उगीचच एक चाक काढून परत बसवत राहिले.

नाव दिलेलं होतं, माघार घेणं काकांच्या रक्तात नव्हतं, त्यामुळे पलंगावर मेघनाला बसवायचं ठरलं. ढकलायला काका, मी, हँक आणि हँकची दांडगी मुलगी. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी घरासमोरच्या रस्त्यावर सराव सुरू झाला. मेघनाला वेगाची भीती. तिने डोळे घट्ट मिटले, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि "हळू! अहो हळू!" करत ती ताठ आडवी झाली. आम्ही एकदा गेलो, एकदा आलो. तिसऱ्यांदा खिडकीवरून जाताना पडदा सरकला.

"थांबवा!" आतून हाक आली.

आम्ही थांबलो. काकूंनी उजव्या हाताने पडदा धरून ठेवला होता आणि त्या मेघनाकडे रागाने बघत होत्या.

"ही अशी मढ्यासारखी का पडलीय?"

"काकू, भीती वाटते," मेघना म्हणाली.

"भीती वाटते तर वाटू दे. उठून बसायचं. लोकांकडे बघायचं. हात हलवायचा. लोक रस्त्यावर का उभे राहतात? तुला झोपलेली बघायला?" त्या दम घ्यायला थांबल्या. "अहो, हिला उतरवा. मंडळाची लाज घालवेल ही."

"मग कोण बसणार?" काकांनी विचारलं.

"मी बसतो," काकू म्हणाल्या. "एक हात चालतो ना माझा? हलवायला एकच लागतो."

दुसऱ्या दिवशी काकू हिरवी नऊवारी नेसल्या. मेघनाने नेसवली आणि तिला तीन वेळा बोलणी बसली. अंबाड्यावर जास्वंद खोवली. तेवढ्यात संयोजकांकडून कळलं की पलंगावर बसणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं आहे. जास्वंद काढायला काकू तयार होईनात. शेवटी हँकच्या मुलीने आपलं सायकलचं हेल्मेट आणलं आणि ते मागे सरकवून फुलाला जागा करण्यात आली. नथ, हेल्मेट आणि जास्वंद अशा थाटात सुशीलाकाकू दोन वर्षांनी घराबाहेर पडल्या.

सुरुवातीच्या रेषेवर गर्दी होती. आधी लोकांनी ओळखलं नाही. मग बेकरीवाली ओरडली, "सूशी! ती सूशी आहे!" आणि तो आवाज रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे पळत गेला. कुणी च्च् च्च् केलं नाही. करायला सवडच मिळाली नाही, कारण काकूंनी हात वर केला होता आणि त्या ओळखीच्या एकेकाला नावाने हाका मारत होत्या.

शिट्टी झाली. आम्ही ढकलायला लागलो. अर्थातच सगळे पलंग आमच्या पुढे गेले. काका धापा टाकत "चल, चल" म्हणत होते, मला दम लागला होता, हँकची मुलगी एकटीच आम्हा तिघांचं काम करत होती. दुकानं संपतात तिथे रस्ता डावीकडे वळतो. शर्यतही डावीकडेच वळत होती. समोर सरळ गेलं की लाकडी धक्का आणि पुढे समुद्र.

"सरळ घ्या," काकू म्हणाल्या.

"अगं, शर्यत डावीकडे आहे," काका म्हणाले.

"सरळ घ्या म्हटलं ना."

काकांनी आमच्याकडे पाहिलं. मग पलंगाचं तोंड स्वतःच सरळ केलं. मागून लाउडस्पीकरवर कुणीतरी "राँग वे! मिस्टर गॉर्पाडी, राँग वे!" असा आरडाओरडा करत होतं. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. फळ्यांवरून चाकं खडखडत गेली आणि धक्क्याच्या टोकाशी काकांनी ब्रेक लावला. पलंग जागच्या जागी थांबला.

घरापासून तो समुद्र चालत दहा मिनिटांवर होता. काकूंनी तो दोन वर्षांत पाहिला नव्हता.

वारा सुटला होता. पाणी किनाऱ्याजवळ हिरवं आणि पुढे गडद निळं दिसत होतं. लांबवर काकांचा पूल एकेका खांबावर पाय टाकत पुढच्या बेटाकडे गेला होता. काकांचा श्वास जरा खाली बसला आणि सवयीने त्यांनी सुरू केलं, "ते बघ, तिकडं दोन होड्या आहेत. एकीचं शीड पिवळं आहे. आणि पेलिकन बसलाय खांबावर, आणि आज पाणी कसं..."

"गप बसा," काकू म्हणाल्या. "दिसतंय मला."

काका पलंगाच्या कडेला, काकूंच्या उजव्या बाजूला, अंग चोरून बसले. हँकने मला कोपराने खुणावलं आणि आम्ही तिघं पाऊल न वाजवता रस्त्याकडे परत निघालो.